दोन बोटं माया

डॉक्टरांनी पॅडवर जठर काढलं.
मला तो उलटा टांगलेला खिसा वाटला.
त्यावर तुटक रेघ ओढली, मी खडूनं ओढते तशी,
म्हणाले, इथून कापायचं, ऐंशी टक्के बाहेर,
उरते तिला स्लीव्ह म्हणतात.
बाही? मी विचारलं.
ते हसले. बाहीच समजा, म्हणाले.

मग मी माझ्या धंद्यातलं विचारलं,
आत माया किती सोडता?

त्यांना कळेना. तेजल ओशाळली.
आई ब्लाउज शिवते, म्हणाली, शिवणीच्या आत
दोन बोटं जादा कापड राखतात, त्याला माया म्हणतात.
पुढं अंग सुटलं तर उसवून सैल करता येतं.
डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.
नाही, आत काही राखत नाही.
टाके नसतात, पिना असतात, टायटेनियमच्या.
उसवता येत नाही.

सत्तावीस वर्षं, धनकवडीत,
सात बाय नऊच्या गाळ्यात
एकही कापड मी मायेशिवाय कापलेलं नाही.
नवरीचा ब्लाउज तर चार बोटं राखून.
पोरीला माहीत नसतं, मला असतं.

माझ्या स्वतःच्या ब्लाउजांची माया केव्हाच संपली.
काखेत कळ्या जोडल्या, मग पाठीत पट्टी,
मग गाउन.
परवा शटर अर्धं ओढून पोटाला टेप लावली.
टेप साठ इंचांची.
साठावर टोकाचा पत्रा आला
आणि माझं पोट वीतभर पुढं उरलं.
तिथं हात ठेवला. हाताला गरम लागलं.

तळजाई केली पहाटेची, दोन हिवाळे.
दुधीचा रस, दिवसातून दोनदाच खाणं,
कुणाच्या सांगण्यावरून भिजवलेल्या मेथ्या.
सोळा किलो गेले होते एकदा.
माहेरी आल्यासारखे परत आले, सोबत चार घेऊन.
आता एकशे अठरा.
रात्री श्वास अडकतो, तेव्हा हे मला हलवतात,
आणि जिवंत आहे हे कळलं की कूस बदलतात.

तू म्हणशील तसं, म्हणतात.
नणंद म्हणते, त्यापेक्षा तोंड आवरावं.
वन्सं, तोंड तर तीस वर्षं आवरतेच आहे.
तेजलनं हप्ते काढून ठेवलेत, चोवीस.

प्रभुणेबाईंनी करून घेतलं गेल्या साली.
वर्षात चार वेळा त्यांचे ब्लाउज आत घेतले,
सेहेचाळीसचे छत्तीस.
पाचव्यांदा पडद्यामागून म्हणाल्या,
दंडाचं कातडं बघा हो कसं लोंबतंय,
बाही कोपरापर्यंत करा.
आणि बाहेर येऊन, त्याच तोंडानं,
सिंहगड चढले! न थांबता!
मी विचारलं, भूक लागते?
पर्समध्ये सुटे शोधत म्हणाल्या,
लागत नाही. आठवते.

माझी भूक चारला येते,
शाळा सुटलेल्या पोरासारखी, दप्तर फेकून.
तोवर कुणी गळ्यावरून बोललेलं असतं, कुणी पैशांवरून.
समोरच्या गाड्यावर कांदाभजी निघत असतात.
दिवसभरात मला हाक मारून येणारी ती एकटीच.
तिला काय सांगू, आता वाटीभर वरणात बस म्हणून?

अण्णा कापायला शिकवायचे तेव्हा म्हणायचे,
हात लटपटला तर कात्री खाली ठेव.
पण ठेवलीस तर गिऱ्हाइकाला तारीख दे,
ताटकळत ठेवू नको.

दिवाळीचे एकशे चाळीस ब्लाउज आहेत.
त्यानंतरचा एक गुरुवार
मशीनशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवलाय, खडूनं.
फडकं मारलं की जाईल.
तेजल रोज येऊन बघते, बोलत काही नाही.
काल मीच त्यावरून पुन्हा खडू फिरवला,
फिकट झाला होता म्हणून.